पलीकडचा पत्ता

खुशनुमाचा फोन आला तेव्हा मुक्ता झोळीत डोळे मिटायच्या बेतात होती. एका हातानं झोळीची दोरी ओढत मी दुसऱ्या हातानं कुणाच्या तरी डाव्या गुडघ्याचा रिपोर्ट टाइप करत होते.

"ताई, सोमवारपासून नवीन नियम आलाय," खुशनुमा म्हणाली. "पेशंटची माहिती असते ना, इसलिए घरच्या मशीनी तपासायच्यात. जिसका मशीन साफ, उसकोच काम."

"माझी साफ आहे. परवाच फडक्यानं पुसली."

"अंदर से साफ, ताई!"

खुशनुमा आमच्या कंपनीतलं कंप्युटरचं सगळं बघते. कंपनी म्हणजे शहागंजातल्या एका माडीवरच्या दोन खोल्या. दवाखान्यातले डॉक्टर एक्स-रे बघून बोलतात, तो आवाज आमच्याकडे येतो आणि माझ्यासारख्या घरी बसलेल्या बायका ते टाइप करून परत पाठवतात. मुक्ता व्हायच्या आधी मी एका लॅबमध्ये जात होते. दिवस गेले आणि ते सुटलं. पोरगी मांडीवर घेऊन करता येईल असं हे एकच काम मला मिळालं होतं आणि ते मला सोडायचं नव्हतं. दिवसभरात तेवढा वेळ तरी मी कुणाची आई, कुणाची सून नसते. गुडघे, मणके आणि फुप्फुसं, बस्स.

"काय करायचं सांग," मी म्हणाले आणि फोन स्पीकरवर टाकला.

तिनं मला आधी सगळं बंद करायला लावलं. रिपोर्ट, गाणी, इंटरनेटच्या खिडक्या, सगळं. मग एक काळी खिडकी उघडायला लावली, जिच्यात नुसती पांढरी अक्षरं उमटतात. तिथं ती सांगेल तो शब्द लिहिला आणि बटण दाबलं. वाटलं होतं, काही येणार नाही. आलं ते ओळींवर ओळी, सरसर, पडदा भरून वरती सरकायला लागलं.

"अगं, हे काय? मी तर सगळं बंद केलंय."

"तुम्ही बंद केलं ताई. उन्होंने कहाँ किया?" खुशनुमा हसली. "घाबरू नक्को. हरेक मशीनवर असतंय. आपण बोलत नसतो तेव्हा बी त्याचं बोलणं चालूच असतंय. एक-एक ओळ वाचा. डाव्या बाजूला तुमच्या मशीनचा पत्ता, उजव्या बाजूला पलीकडचा पत्ता. म्हणजे कोण कुणाशी बोलतंय ते."

आम्ही एकेक ओळ घेतली. एका ओळीत कंप्युटर स्वतःला दुरुस्त करायला नवीन काही आलंय का ते विचारत होता. एक व्हायरसवाल्याची. एक फोटोंची, मुक्ताचे फोटो मोबाइलवरून आपोआप इकडं येतात ती. एक निघाली प्रिंटरची. तो प्रिंटर आम्ही केव्हाच भंगारात दिला, पण त्याचा प्रोग्रॅम अजून शाई संपली का म्हणून बाहेर चौकशी करत होता. मला त्याची दयाच आली.

"आणि हे 'टाइम वेट' काय लिहिलंय?"

"बोलणं झालं, फोन ठेवला, पण माणूस दारातच उभं हाय. उशिरानं काही यायचं राहिलं असेल तर, म्हणून. थोड्या वेळानं आपोआप जातंय."

हे मला आवडलं. माझे वडील, नाना, मला गंगापूरच्या स्टँडवर सोडायला यायचे तेव्हा असेच उभे राहायचे. बस वळणाआड गेली तरी.

मग एका ओळीवर खुशनुमा थांबली. तिला मी त्या प्रोग्रॅमचं नाव वाचून दाखवलं होतं.

"ताई, हे तुम्ही घातलं?"

"नाही. काय आहे?"

"याच्यानं दुसरा माणूस लांबून तुमचं मशीन बघू शकतो. परवानगी असली तर चालवू बी शकतो. बोलणं चालू दाखवतंय. म्हणजे आत्ता, या टायमाला, दुसऱ्या बाजूला कोणतरी बसलंय."

झोळीची दोरी माझ्या हातातून सुटली. पडद्यावरच्या त्या ओळीचा पलीकडचा पत्ता म्हणजे नुसते आकडे होते. त्यावरून गाव कळत नाही, माणूस तर नाहीच. मला मुक्ताचे आंघोळीचे फोटो आठवले. मला कुणाकुणाचे मणके आठवले. काचेच्या त्या पडद्यातून कुणी माझ्या खोलीत बघतंय असं वाटून मी पदर सारखा केला, हे आता सांगताना हसू येतं.

"काढून टाका," खुशनुमा म्हणाली. "हे असलं तर मी पास नाय करू शकत. तुम्हाला बी नाय, माझ्या सगी बहन को बी नाय."

ती सांगत गेली तसं मी ते काढलं. पुन्हा ओळी मागवल्या तर तीच ओळ अजून होती, पण शेजारचा शब्द बदलला होता. दारात उभं असलेलं माणूस. थोड्या वेळानं पुन्हा बघितलं तर गेली होती.

संध्याकाळी माझे मिस्टर सोमनाथ त्यांच्या कंपनीतून आले तेव्हा मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "टीव्ही सेंटर चौकातल्या त्या रिपेअरवाल्यानं घातलं असेल. मी बोलतो त्याला." सासूबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "मी म्हणतच होते, त्या डब्यावर रात्रंदिवस लाल लाईट कामून लागती. झाका त्याला काहीतरी." आणि त्यांनी खरंच मुक्ताचं एक दुपटं त्यावर टाकलं.

तो कंप्युटर माझा आहे. कॉलेजात असताना नानांनी घेऊन दिलेला. लग्नात रुखवतात मांडायला तोच निघाला होता, पण मावशी म्हणाली, जुनी वस्तू मांडतात का, म्हणून मांडला नाही. बाळंतपणाला गंगापूरला जाताना मी तो सोबत नेला होता, नववा लागेपर्यंत काम करायचं म्हणून. नाना मला न्यायला आले होते. काळीपिवळी जीपमध्ये त्यांनी तो गोधडीत गुंडाळून अख्ख्या रस्त्यानं मांडीवर घेतला. शेजारचा माणूस म्हणाला, "बाबा, डब्यात काय मूर्ती हाय का?" नाना म्हणाले, "व्हय, गणपतीच हाय. हलवू नको."

माझी आई मी बारावीला असताना गेली. म्हणून माझं बाळंतपण नानांनी केलं. गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला, "बाप कधी बाळंतपण करतो व्हय?" पण नानांनी केलं. डिंक स्वतः तळला. शेजारच्या दगडाबाईला न्हाऊ घालायला लावलं आणि ती मला शेकत असेस्तोवर मुक्ताला दोन्ही तळव्यांवर धरून न्हाणीच्या दाराबाहेर उभे राहिले. पण बोलायचं म्हणाल तर नाना कमी बोलणारे. सगळी नोकरी त्यांनी पैठणच्या धरणावर वायरलेसवर काढली. नदीचं पाणी किती चढलं, किती उतरलं, ते खाली कळवायचं. त्यामुळं फोनवरही त्यांचं तसंच.

"ठीक?"

"ठीक आहे, नाना."

"पोरगी?"

"मजेत."

"मग ठेवतो. लाईन मोकळी राहू दे."

आणि मुलीच्या सासरी सारखा फोन करू नये, हे तर त्यांचं ठरलेलंच. माझ्या लग्नानंतर मुक्ता होईपर्यंत त्यांनी आमच्या घरचं पाणीसुद्धा घेतलं नाही. मी परत आल्यावर इथं बारसं झालं, त्याला आले तेव्हा पहिल्यांदा चहा घेतला, तोही उभ्यानं.

तर ती ओळ काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी नानांचा फोन आला. त्यांच्या नेमापेक्षा लवकर होता, पण मुक्ता रडत होती आणि माझ्या लक्षात आलं नाही.

"ठीक?"

"ठीक आहे."

"तुझं ते कंप्युटरचं काम?"

"चालू आहे की, नाना. आत्ता बसलेच होते."

"आत्ता बसलेली हायस?"

"हो. का?"

"काय नाय. ठेवतो."

त्यानंतर एक दिवस मध्ये गेला. मग आमच्याकडे नळाला पाणी यायचा दिवस होता. तो दिवस आमच्या सिडकोत सणापेक्षा कमी नसतो. सोमनाथ कामावर गेलेले, सासूबाई पाइप धरून ड्रम भरताहेत, मी मुक्ताला कडेवर घेऊन पिंप, कळशी, बादली करतेय आणि बेल वाजली. दार उघडलं तर नाना. घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. उजव्या हातात पिशवी, पिशवीतून शेपूची जुडी डोकावत होती.

"इकडून चाललो होतो," नाना म्हणाले.

गंगापूरहून निघून सिडकोवरून जाता येईल असं एकही ठिकाण नाही. व्याह्यांना बघून सासूबाईंनी पाइप ड्रममध्ये खोचला. "या, ईवाई. शेपू घेऊन यष्टीनं आलात व्हय? आमच्या बाजारात काय शेपू मिळत नाय?"

"घरचा हाय. पोरीला दूध यायला बरा असतो."

"पोरीला दूध लई हाय. तुमच्याच तोंडाला पाणी नाय. बसा आधी."

नाना बसले नाहीत. त्यांनी आधी मुक्ताच्या डोक्यावर हात ठेवला, मग माझ्या तोंडाकडं बघितलं, दिव्याच्या काचेवर काजळी धरली का बघतात तसं, आणि मग सरळ आतल्या खोलीत गेले. मी मागून गेले. कंप्युटर चालू होता. रिपोर्ट अर्धा टाइप केलेला तसाच.

"चालू हाय की," ते म्हणाले. त्यांचे आवळलेले खांदे सैल झाले. मग खाटेवर टेकले.

"चालू असणारच. तुम्हाला सांगितलं ना फोनवर?"

"सांगितलंस. पण मला वाटलं, काम सुटलं तुझं. आणि मला कळू नये म्हणून तू चालू हाय म्हणतीस."

"असं कशावरून वाटलं?"

बाहेर ड्रममध्ये पाणी धबाधबा पडत होतं.

"नाना?"

"दिवा लागत नव्हता," ते म्हणाले.

मग हळूहळू निघालं. मी गंगापूरला असताना, एका सकाळी, मुक्ता निजलेली होती आणि मी न्हाणीत दगडाबाईकडून शेकून घेत होते तेव्हा नानांनी माझ्या कंप्युटरवर तो प्रोग्रॅम घातला. ज्येष्ठांच्या वर्गात ते कंप्युटर शिकलेत, त्यांचा स्वतःचा एक जुना आहे. दोन्ही कंप्युटरांची त्यांनी ओळख करून दिली होती. त्यांच्या पडद्यावर माझं नाव आणि नावापुढं बारीक ठिपका. माझा कंप्युटर चालू झाला की हिरवा, बंद झाला की करडा.

"मी कधी उघडून नाय बघितलं," ते घाईनं म्हणाले. "आईची शपथ. नुसता ठिपका. सकाळी तो हिरवा झाला की मी चूल पेटवतो. म्हणजे तू उठलीस, पोरगी निजली, तू कामाला बसलीस. बस्स. धरणावर आम्ही तासातासाला तेवढंच सांगायचो. पाणी चढलं नसलं तरी 'सगळं ठीक' म्हणायचंच. नाय म्हटलं तर पलीकडच्यानं काय समजायचं? पाणी चढलं नाय म्हणून गप्प, का माणूसच गेला वाहून म्हणून गप्प?"

मला एकदम राग आला. आलाच. "नाना, मी किती घाबरले माहितीय? मला वाटलं कुणी चोर बसलाय आत. माझं काम जाणार होतं. मला एका शब्दानं विचारलं असतं, तर मी नाही म्हणाले असते का?"

"म्हणूनच नाय विचारलं."

"म्हणजे?"

"तू हो म्हणाली असतीस. आणि मग माझ्यासाठी मुद्दाम चालू ठेवला असतास. आजारी असलीस तरी, भांडण झालं असलं तरी. मग त्या ठिपक्यात काय राहिलं?"

मुक्तानं नानांची टोपी ओढायला हात पुढं केला. त्यांनी तिला घ्यायला उजवा हात पुढं केला, डावा नाही. तेव्हा माझं लक्ष गेलं. डावा हात त्यांनी मघापासून शर्टाच्या लांब बाहीत लपवला होता. मी बाही वर केली. मनगटाला कापडाची पट्टी, वर हळदीचा डाग.

"हे काय?"

"काय नाय. न्हाणीत पाय सरकला."

"कधी?"

"झालं आता. बरं होत आलंय."

"कधी, नाना?"

"संक्रांतीच्या आधी."

संक्रांत होऊन किती दिवस झाले होते! त्या सगळ्या दिवसांत आमचे फोन झाले होते. ठीक? ठीक. मग ठेवतो.

"कुणाला माहीत होतं?"

"दगडाबाईला. दुपारी. ती ताक घेऊन आली तेव्हा."

म्हणजे सकाळी आंघोळीला गेले तेव्हा पडले, ते दुपारपर्यंत तसेच एकटे. त्या सकाळी त्यांच्या पडद्यावर माझा ठिपका हिरवा असणार. मी इथं दोरी ओढत बसले असणार. त्यांना माझं सगळं कळत होतं आणि मला त्यांचं काहीही नाही. खुशनुमानं त्या ओळीचे दोन पत्ते मला दाखवले होते. मी पलीकडच्या पत्त्यात चोर शोधत बसले. पलीकडं माझा बाप न्हाणीत पडला असेल हे त्या आकड्यांत कुठं लिहिलेलं असतं?

मी खाली बसले, त्यांच्या पायाशी. मुक्ता आमच्या दोघांच्या मध्ये.

"ते परत घालता येणार नाही," मी म्हणाले. "कंपनी घालू देत नाही, आणि बरोबर आहे त्यांचं."

"नको घालू. माझी चूकच झाली."

"ऐकून घ्या ना. सकाळी मी कामाला बसले की तुम्हाला मिस कॉल देणार. एक रिंग. उचलायचं नाही. लाईन मोकळी."

त्यांच्या मिशीखाली जरा हसू आलं. "चालंल."

"चालंल काय? तुम्ही पण उलटा द्यायचा. तुमचा आला नाही तर मी समजणार, पाणी चढलं."

"मला काय होतंय गं?"

"न्हाणीत पाय सरकतो."

तेवढ्यात सासूबाई दारात आल्या. पदराला हात पुसत त्या उभ्या होत्या, किती ऐकलं होतं कुणास ठाऊक. "आणि तिला रिंग द्यायला जमलं नाही तर मी देईन," त्या म्हणाल्या. "पण मी एक रिंग देऊन ठेवणारी नाय, आधीच सांगते. आता हातपाय धुवा, ईवाई. पाणी हाय तोवर. शेपूची भाजी आणि भाकरी खाऊन जायचं. उभ्यानं नाय, पाटावर बसून."

नाना त्या दिवशी आमच्या घरी पहिल्यांदा जेवले. पाटावर बसून. मनगट दुखत होतं म्हणून भाकरी मी मोडून दिली. त्यांनी दोनदा "राहू दे" म्हटलं आणि दोन्ही वेळा घेतली. दुपारी सोमनाथनी सुट्टी मागून येऊन त्यांना दवाखान्यात नेलं. हाड नुसतं चिरलं होतं. त्या एक्स-रेचा रिपोर्ट दुसऱ्याच कुणी टाइप केला, तरी मी घरी आणून तो सगळा वाचला, चुका काढत.

सोमवारी खुशनुमानं पुन्हा ओळी मागवल्या आणि माझी मशीन पास केली.

"ताई, वो लाइन कायकी थी, पता चला?"

"हो. माझ्या वडिलांची."

"अब्बा की?" मग ती म्हणाली, "फिर बी परत घालायची नाय हं, ताई."

"नाही घालत. आमची दुसरी लाईन लागलीय."

तेव्हापासून रोज सकाळी मुक्ता झोळीत गेली की मी आधी एक रिंग देते आणि मग गुडघे-मणके उघडते. जरा वेळानं माझा फोन एकदा वाजून गप्प होतो. सासूबाई स्वयंपाकघरातून विचारतात, "झाली का बापलेकीची हजेरी?" त्यांनी दोनदा स्वतः रिंग दिली आणि दोन्ही वेळा भाव, हवा, मुक्ताचे दात असं सगळं बोलून मगच ठेवला.

परवा मात्र मी रिंग दिली आणि उलटी आली नाही. मी एक फुप्फुस टाइप केलं. दुसरं घेतलं. डाव्याच्या जागी उजवं लिहिलं, खोडलं. सासूबाई म्हणाल्या, "शेतात गेले असतील." नानांना शेत नाही, हे त्यांनाही माहीत आहे. तेव्हा मला कळलं, करडा ठिपका म्हणजे काय असतं ते. मी फोन लावला आणि वाजू दिला. वाजत राहिला. मग उचलला.

"उचलायचं नव्हतं ना?" नाना म्हणाले. धापा टाकत.

"माझा मिस कॉल कुठंय?"

"अगं, अंगणात होतो. शेपूला पाणी घालत. फोन आत राहिला."

"ठीक?"

"ठीक."

आता ते ठेवतील म्हणून मी फोन कानापासून काढणारच होते. तेवढ्यात झोळीत मुक्ता जागी झाली आणि तिचं ते सुरू झालं, आता नव्यानं शिकलीय ते, 'ना-ना-ना-ना' असं लांबलचक. कुणाला हाक नाही, तिला तोंडात जीभ सापडलीय एवढंच.

"कोण बोलतंय?" नानांनी विचारलं.

मी फोन झोळीत तिच्या उशाशी ठेवला आणि दोरी ओढायला लागले. पलीकडून काही आवाज येत नव्हता. त्यांनी ठेवलाय का बघायला मी वाकले. फोनच्या पडद्यावर सेकंद चालूच होते.